वडिलांना पीएफटी (फुफ्फुसं किती चांगलं काम करतात ते मोजणारी तपासणी) करायला सांगितली आहे. ही टेस्ट काय असते, आणि त्यातून दमा की सीओपीडी (फुफ्फुसात हवेला कायमचा अडथळा करणारा जुनाट आजार) हे कसं कळतं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, बिडी सोडून दहा वर्षं झाली, तरी दोन जिने चढले की धाप लागते आणि म्हणतात, 'श्वास आतच जात नाही.' हे वाक्य मी रोज ऐकते. मी डॉक्टर नाही, छातीच्या डॉक्टरांकडे पीएफटीचं मशीन चालवणारी टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांना 'फुंका, फुंका, अजून फुंका' असं ओरडत राहायचं, हे माझं काम.

वडील खोटं बोलत नाहीत, पण बिडी ओढलेल्या माणसाची अडचण बहुतेक वेळा श्वास बाहेर पडण्यात असते. तुमची तब्येत ठणठणीत असेल तर आत्ता बसल्या जागी करून बघा. छाती भरून श्वास घ्या. त्यातला अगदी थोडा सोडा आणि लगेच वरून पुन्हा घ्या. असं पाच-सहा वेळा. घुसमटायला झालं ना? आत हवा भरपूर आहे, पण ती जुनी आहे आणि नवीन हवेला जागाच नाही. भरलेली एसटी फलाटाला लागली की आतले उतरल्याशिवाय बाहेरचे चढणार कसे, तसंच.

निरोगी माणसात काय होतं? श्वास घेताना पोट आणि छाती यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतला दाब किंचित कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. हवा शिरल्यामुळे छाती फुगते असं आपल्याला वाटतं. खरं तर छाती आधी फुगते, मग हवा शिरते. सोडताना मात्र काही करावं लागत नाही. ताणलेलं रबर सोडलं की जसं आक्रसतं, तसं फुफ्फुस आपोआप जागेवर येतं. शांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा, दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली दीडशे मिली तर नळ्यांमधूनच परत फिरते. उरलेली श्वासनळीच्या वीसेक फाट्यांमधून वायुकोशांपर्यंत, म्हणजे टोकाच्या चिमुकल्या फुग्यांपर्यंत, पोचते आणि तिथे रक्ताला ऑक्सिजन मिळतो. हे कोट्यवधी फुगे उलगडून पसरले तर अंदाजे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे पुण्यातला बऱ्यापैकी टू बीएचके!

दम्यात नळ्या आकसतात, आतून सुजतात, वर चिकट कफ. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, हिशेबाने १६ पट होतो. श्वास सोडताना नळ्या तशाही थोड्या अरुंद होतात, म्हणून ती सूं-सूं सोडतानाच जास्त ऐकू येते. पण दमा येतो-जातो. रात्री-पहाटे जोर करतो, एरवी माणूस धडधाकट. सीओपीडीत धुराने नळ्या कायमच्या खराब होतात आणि त्या रबराचा ताणच जातो. हा त्रास जिना चढताना रोज जाणवतो आणि वर्षागणिक वाढतो.

आता टेस्ट. नाकाला क्लिप, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती पूर्ण भरायची, मग एकदम जोरात फुंकायचं आणि फुफ्फुस रिकामं होईपर्यंत, किमान सहा सेकंद, फुंकत राहायचं. सहा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. तिसऱ्या सेकंदालाच डोळे पांढरे होतात. असं किमान तीन वेळा.

मागे एक आजी आल्या होत्या, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. काही केल्या जमेना. कधी हसू यायचं, कधी गालच फुगायचे. शेवटी म्हटलं, 'आजी, चूल विझत आलीय, वर भाकरी आहे. फुंकणी घ्या.' आणि काय फुंकलं त्यांनी! पहिल्या फटक्यात आलेख चोख. रिपोर्ट मात्र वाईट होता. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईला सीओपीडी. चाळीस-पन्नास वर्षं त्या फुंकणीच्या दुसऱ्या टोकाला धूरच तर होता. (त्यांची सून गॅसवर स्वयंपाक करते, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवर.)

मशीन दोन गोष्टी मोजतं: एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती. निरोगी माणसाची ७० टक्क्यांहून जास्त पहिल्याच सेकंदात येते. नंतर पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन १५-२० मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाचा आकडा किमान १२ टक्के आणि २०० मिली वाढला तर कल दम्याकडे. पंपानंतरही प्रमाण ७० टक्क्यांच्या खालीच राहिलं तर सीओपीडीचा संशय. कधीकधी दोन्हीची सरमिसळ असते, म्हणून निदान डॉक्टरांनाच करू द्या, गूगलवर आकडे जुळवू नका.

आणि तिसरा प्रकार: प्रमाण चांगलं, पण एकूण हवाच कमी. इथे खरोखरच श्वास आत जात नाही, कारण बऱ्याचदा फुफ्फुस ताठर झालेलं असतं. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काही जणांना हेच होतं. तुमच्या खिडकीत कबुतरं बसत असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

वडिलांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, ताप येत असेल किंवा वजन उतरलं असेल तर आधी थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. टीबीच्या पेशंटने आमच्या मशीनवर फुंकणं आमच्याही जिवाला बरं नाही. थुंकीतून रक्त, अलीकडचा हार्ट अटॅक, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर लपवू नका, टेस्ट पुढे ढकलतील.

पंप चालू असेल तर टेस्टआधी किती तास बंद ठेवायचा ते विचारून घ्या. पण त्या काळात धाप लागली तर सरळ घ्या, टेस्ट काय, परवा होईल. पोटभर जेवून आणू नका, पट्टा सैल, आणि घट्ट बसणारी कवळी असेल तर राहू द्या. कवळी काढली की ओठ नळीवर नीट बसत नाहीत, हवा बाजूने निसटते आणि मग मला आणखी चार वेळा 'फुंका' म्हणून ओरडावं लागतं.