बॅटरी जाते तरी कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी आलेले जवळजवळ सगळेच प्रश्न मोबाईलच्या बॅटरीचे आहेत. वाचताना जाणवलं की दोन वेगळी दुखणी आपण एकाच नावाने सांगतो. आजचं चार्जिंग रात्रीपर्यंत पुरत नाही, हे एक. आणि दीड-दोन वर्षांत बॅटरीच म्हातारी होते, हे दुसरं. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला चालतोच असं नाही, म्हणून दुखणं कुठलं ते आधी ओळखायला हवं.

प्रश्न: माझ्या जुन्या फोनची स्क्रीन एका बाजूने थोडी वर आलीये, फट दिसते. फोन चालतोय मस्त, चार्जिंगपण टिकतंय. असाच वापरला तर चालेल ना?

उत्तर: नाही. हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला कारण बाकीच्यांना घाई नाही, तुम्हाला आहे. आत बॅटरी फुगलीये, तिच्यात गॅस धरलाय आणि तो स्क्रीनला वर ढकलतोय. फोन चालतोय याला काही अर्थ नाही. आता चार्जिंगला लावू नका, बंद करून ठेवा, दाबून फट बसवायला जाऊ नका आणि कुठलीही टोकदार वस्तू तिथे घालू नका, कारण अशी बॅटरी फुटली तर पेट घेते. उशी, गादी, कागदपत्रं यांच्यापासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी बदलून घ्या. फोन बदलायचाच असेल तरी हा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा.

प्रश्न: मी दिवसातून कितीतरी वेळा रीसेंटमधली (अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या यादीतली) सगळी ॲप्स उडवते, लोकेशन बंद, ब्लूटूथ बंद, तरी दुपारपर्यंत बॅटरी 30 टक्क्यांवर येते. सुट्टीच्या दिवशी मात्र रात्रीपर्यंत आरामात पुरते. ऑफिस तळघरात आहे, तिथे वायफाय नाही. फोन खराब झालाय का?

उत्तर: फोन ठणठणीत आहे, आणि ताई, उत्तर तुमच्याच शेवटच्या दोन वाक्यांत आहे. तळघरात टॉवर नीट पकडत नाही, आणि टॉवर लांब असला की फोनला, लांबच्या माणसाशी बोलताना आपल्याला जसं ओरडावं लागतं तसं, जास्त पॉवरने सिग्नल पाठवावा लागतो. वर सारखं शोधत बसणं, 5जी वरून 4जी, 4जी वरून परत 5जी. हे सगळं फोन खिशात किंवा पर्समध्ये गप्प पडलेला असतानाही चालू असतं, म्हणून आपल्याला वाटतं आपण तर हातही लावला नाही मग गेली कुठे!

एकदा सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी उघडा आणि बॅटरी युसेज बघा. बहुतेक फोनमध्ये तिथे ॲपनुसार यादी येते, काहींत सिस्टीमचा भाग वेगळा दाखवतात. त्यात 'मोबाईल नेटवर्क' वर दिसलं तर आजार सिग्नलचाच. मग तळघरात असेपर्यंत नेटवर्क मोड 4जी वर ठेवून बघा, सारखी उडी मारणं तरी थांबेल. आणि जिथे अजिबातच रेंज नसते तिथे सरळ एअरप्लेन मोड, तसाही फोन लागणार नसतोच. ऑफिसात वायफाय मिळालं आणि तुमच्या सिमच्या कंपनीचं वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) असलं तर उत्तमच.

त्याच यादीत एखाद्या ॲपवर बोट ठेवलंत तर दोन आकडे दिसतील, स्क्रीनवर किती वेळ आणि बॅकग्राउंडला किती वेळ. समजा एखादं शॉपिंगचं ॲप तुम्ही 5 मिनिटं उघडलं आणि बॅकग्राउंडला 2 तास दाखवतंय, तर तो चोर. त्याच्यापुरतं बॅकग्राउंड युसेज 'रिस्ट्रिक्टेड' करा. मेसेजच्या ॲपला मात्र हे करू नका, नाहीतर निरोप तासभर उशिरा येतील आणि दोष नेटवर्कला देत बसाल.

राहता राहिलं रीसेंट साफ करणं. ती सवय सोडाच. 2016 साली एका ग्राहकाने ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना ईमेल करून बॅटरीसाठी ॲप्स सारखी बंद करणं गरजेचं आहे का असं विचारलं होतं, उत्तर ॲपलच्या सॉफ्टवेअरचं काम बघणाऱ्या क्रेग फेडेरिघींनी दिलं आणि ते सरळ 'नाही' असं होतं, अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास तसंच सांगितलं. कारण साधं आहे, रीसेंटमधली बरीचशी ॲप्स गोठलेली असतात, काही खात नसतात, तुम्ही उडवली की पुढच्या वेळी पहिल्यापासून लोड व्हायला उलट जास्त मेहनत लागते. एखादं ॲप अडकलं, फोन तापला, तर तेवढं एक बंद करा. ब्लूटूथचंही तसंच, नुसतं चालू असलं तर फार खात नाही. लोकेशनला पूर्ण बंद करण्यापेक्षा कुठल्या ॲपला कायमची परवानगी दिलीये ते बघून 'ॲप वापरतानाच' असं करा.

प्रश्न: डार्क मोडने बॅटरी वाचते म्हणतात, माझी तर काही वाचलेली दिसत नाही.

उत्तर: दोन गोष्टींवर आहे. तुमची स्क्रीन एलसीडी असेल तर काहीच वाचणार नाही, कारण तिच्या मागचा दिवा काळ्या चित्रालाही जळतच असतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा म्हणजे बंद, त्यामुळे तिथे फायदा होतो. पण किती? 2021 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी ओलेड फोनवर मोजून बघितलं, ब्राइटनेस पूर्ण 100 टक्के असेल तर डार्क मोडने सरासरी 39 ते 47 टक्के वाचतात, पण आपण घरात ठेवतो तसा 30 ते 50 टक्के ब्राइटनेस असेल तर फक्त 3 ते 9 टक्के. म्हणजे तुम्ही म्हणताय ते खरंच आहे. खरी बचत ब्राइटनेसमध्ये आहे, ऑटोवर ठेवा, आणि स्क्रीन बंद व्हायची वेळ 30 सेकंद करा. 120 हर्ट्झचा रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला 120 वेळा चित्र बदलते) असेल तर 60 वर आणून बघा, स्क्रोल करताना जरा अडखळल्यासारखं वाटेल पण बाहेरगावी जायच्या दिवशी तेवढं चालतं. ऑलवेज ऑन डिस्प्लेबद्दल (बंद स्क्रीनवरही घड्याळ दिसत राहतं ते) माझं स्पष्ट मत, घड्याळ बघायला बटण दाबता येतं.

प्रश्न: आमच्याकडे यावरून वाद चालतात. बाबा म्हणतात बॅटरी पूर्ण शून्यावर आणून मगच चार्ज करायची आणि 100 झाल्याशिवाय काढायची नाही. बहीण रात्रभर लावून ठेवते. मी 80 ला काढतो. बरोबर कोण?

उत्तर: बाबांचा नियम एका जमान्यात बरोबर होता, फक्त तो निकेल-कॅडमियम बॅटरीचा. तिला अर्धवट चार्जिंगची सवय लागायची आणि मग तेवढंच द्यायची. आताच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते, सोनीने 1991 साली ती पहिल्यांदा बाजारात आणली, आणि हिचा स्वभाव बरोबर उलटा आहे. हिला दोन्ही टोकं आवडत नाहीत. रोज शून्यापर्यंत खेचण्यापेक्षा 20-30 ला लावलेलं बरं, आणि वरच्या टोकाला व्होल्टेज चढलेलं असताना तासन्‌तास बसवून ठेवलं की आतली रसायनं लवकर झिजतात. अधूनमधून जरा जरा चार्ज केल्याने चार्ज सायकल (एकूण 100 टक्के वापर म्हणजे एक) फुकट जातात असंही नाही, आज 50 टक्के वापरून परत भरले आणि उद्या 50, तेव्हा कुठे मिळून एक सायकल होते.

मग बहीण चुकते का? पूर्ण नाही. ओव्हरचार्ज होऊन फोन फुटेल ही भीती सोडा, 100 झाले की फोनच करंट घेणं थांबवतो. प्रश्न फक्त वरच्या टोकाला रात्रभर बसण्याचा आहे, आणि त्यावर फोनमध्येच सोय आहे. आयफोनला 2019 च्या आयओएस 13 पासून 'ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग' आलं, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये 'अडॅप्टिव्ह चार्जिंग' अशा नावाने असतं, फोन 80 ला थांबतो आणि तुम्ही उठायच्या सुमाराला उरलेलं भरतो. ते चालू करून द्या बहिणीला. पण ती फोन उशीखाली ठेवून चार्ज करत असेल तर मात्र चुकते, कारण बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू टक्के नाहीत, उष्णता आहे. ॲपल स्वतः सांगते की फोनला 16 ते 22 अंश सेल्सियस तापमान सगळ्यात मानवतं आणि 35 च्या वर कायमचं नुकसान होऊ शकतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून, चार्जिंग पण चालू, असा फोन भाजून निघत असतो.

तुमचं 80 चं गणित बॅटरीच्या आयुष्यासाठी चांगलं आहे, रोजच्या सोयीसाठी नाही. दिवसभर बाहेर असाल तर निवांत 100 करा. किती जपायचं यालाही हद्द असावी, चार वर्षांनी बॅटरी दोन-चार टक्के जास्त राहावी म्हणून आज संध्याकाळी फोन बंद पडू देण्यात काय शहाणपण?

प्रश्न: फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होते का? आणि दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालतो का?

उत्तर: फोन आणि चार्जर एकमेकांशी बोलून किती पॉवर घ्यायची ते ठरवतात, त्यामुळे 65 वॅटचा चार्जर साध्या फोनला लावला तरी फोन त्याला झेपेल तेवढंच घेतो. चांगल्या कंपनीचा, सर्टिफाइड असेल तर खुशाल वापरा, फक्त फास्टचा वेग मिळेलच असं नाही. फास्ट चार्जिंग साधारण अर्ध्यापर्यंत धडाधड होतं आणि 80 नंतर आपोआप हळू पडतं, ते बॅटरीला जपण्यासाठीच, चार्जर बिघडला समजू नका. त्रास होतो तो त्यात तयार होणाऱ्या उष्णतेचा. म्हणून फास्ट चार्जिंग चालू असताना त्याच फोनवर गेम खेळू नका. जाड कव्हर असेल आणि फोन हाताला गरम लागत असेल तर काढून ठेवा. वायरलेसमध्ये पॉवर जास्त वाया जाते आणि फोनही जास्त तापतो, रात्री घाई नसेल तर साधी वायर बरी.

प्रश्न: अपडेट केल्यापासून बॅटरी धडाधड उतरतेय.

उत्तर: दोन-तीन दिवस थांबा. अपडेटनंतर फोन आतल्या आत फोटोंची यादी परत लावत असतो, ॲप्स नव्या सिस्टीमला जुळवत असतो. आठवडा झाला तरी तसंच असेल तर वर सांगितलेली युसेजची यादी उघडा आणि ॲप्सचेही अपडेट आलेत का बघा.

प्रश्न: फोन 30 टक्के दाखवत असतो आणि कॅमेरा उघडला की धाडकन बंद. परत लावला की 28 टक्के! फॅक्टरी रीसेट केला, फरक नाही.

उत्तर: रीसेटने फरक पडणार नाही, हे दुसरं दुखणं, बॅटरी थकलीये. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) वाढतो, कॅमेरा आणि फ्लॅशने एकदम करंट मागितला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करतो. चार्ज खरंच उरलेला असतो, पण लागेल तेव्हा तेवढ्या जोरात देता येत नाही. याच कारणाने ॲपलने जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला होता, 2017 च्या डिसेंबरमध्ये ते मान्य केलं, बराच गदारोळ झाला आणि नंतर सेटिंगमध्ये 'बॅटरी हेल्थ' दिसायला लागलं. तिथे मॅक्सिमम कपॅसिटी 80 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. ॲपलच्याच हिशोबाने आयफोन 14 पर्यंतच्या बॅटरी 500 सायकलला 80 टक्के राहाव्यात अशा बनवल्यात, आणि 15 पासून 1000 सायकलला. फोन बाकी चांगला असेल तर नवा घेण्याआधी नवी बॅटरी बसवा, फक्त ती ओरिजनलच.

प्रश्न: पॉवर बँकवर 10000 एमएएच लिहिलंय, माझा फोन 5000 चा, तर दोनदा फुल व्हायला हवा. दीडदाच होतो. फसवलं का?

उत्तर: बहुतेक नाही. ते 10000 आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेले असतात, म्हणजे 37 वॅट-अवर (साठवलेल्या ऊर्जेचं माप). फोनला देताना व्होल्टेज 5 किंवा त्याहून वर चढवावं लागतं, मग फोनच्या आत परत उतरवावं लागतं, दोन्हीकडे थोडं उष्णतेत जातं. तुमच्या फोनची बॅटरी साधारण 19 वॅट-अवरची, तेव्हा दीड ते पावणेदोन वेळा म्हणजे ठीकच. पॉवर बँकवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, घेताना तीच बघायची. आणि विमानाने जाणार असाल तर ती हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही. साधारणपणे 100 वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, तुमची 37 ची आहे तेव्हा चिंता नाही. फक्त उड्डाणात तिच्यावर फोन चार्ज करायला काही एअरलाइन्स आता मनाई करतात, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.