समर स्कूलचे पैसे भरायच्या आधी हे वाचा (इयर ट्वेल्व्हवाले पालक)

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण तीन वर्षांपूर्वी, मुलगी इयर ट्वेल्व्हला असताना, अस्संच पत्र आमच्याकडे आलं होतं. तुमचा मुलगा स्लावच्या (Slough) ग्रामर स्कूलला, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळेत, इयर ट्वेल्व्हमध्ये (आपल्याकडची अकरावी), मेडिसिन की बायोमेड की तिसरंच काही हे अजून ठरत नाहीये, आणि घरी चकचकीत पत्र की 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे', ऑक्सफर्डच्या कॉलेजात दोन आठवडे, फी पाच हजार पौंडांच्या वर, सवलत शुक्रवारी संपते. पैसे भरू का, असं तुम्ही विचारताय.

नका भरू. निदान या शुक्रवारी तरी नका.

आधी मला एक सांगा, मुलाने अर्ज केला होता का? नाही ना? मग निवड कुठून झाली? पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात कोण चालवतंय ते बघा. उन्हाळ्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या खोल्या रिकाम्या असतात, त्या कॉन्फरन्सला, लग्नाला, कंपन्यांना भाड्याने जातात. म्हणजे भिंती ऑक्सफर्डच्या, कोर्स कंपनीचा. आमच्या ओळखीतला एक मुलगा अशा एका कोर्सला जाऊन आला, मजा केली त्याने, खोटं कशाला बोलू, होडी वल्हवली, देशोदेशीचे मित्र झाले, सर्टिफिकेट मिळालं. त्याच्या बाबांनी ते फ्रेम करून लावलंय. पण अ‍ॅडमिशनच्या वेळी त्याचा कोणाला काडीचा फरक पडला नाही. सुट्टी म्हणून पाठवायचं असेल आणि परवडत असेल तर जरूर पाठवा, पण मग ते सुट्टीच्या खर्चात धरा, शिक्षणाच्या नको.

गंमत म्हणजे युनिव्हर्सिटी स्वतः जे चालवते ते फुकट असतं. ऑक्सफर्डचं युनिक, स्पेलिंग यू-एन-आय-क्यू, 2010 पासून चालू आहे, फक्त यूकेतल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी. राहणं, जेवण, येण्याजाण्याचं भाडं सगळं त्यांचं. दुसरं मोठं नाव सटन ट्रस्ट. पीटर लॅम्पल नावाच्या गृहस्थांनी 1997 मध्ये काढलेली संस्था, स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले, अमेरिकेत वर्षानुवर्षं धंदा करून परत आले तर दिसलं की त्यांच्यासारख्या साध्या घरातली मुलं आता तिकडे पोचतच नाहीयेत, म्हणून समर स्कूल सुरू केलं, पहिलं ऑक्सफर्डलाच. आता ते केंब्रिज, एडिनबरा, नॉटिंगहॅम अशा बऱ्याच ठिकाणी असतं, तेही फुकट. दोन्ही इयर ट्वेल्व्हसाठी (स्कॉटलंडवाल्यांना एस-फाइव्ह). तुमचा मुलगा बरोब्बर त्याच वर्षात आहे, पुढच्या नोव्हेंबरला विचारलं असतंत तर उशीर झाला असता. अर्ज साधारण हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या आसपास उघडतात आणि वसंत यायच्या आधी बंदही होतात, आणि आपण तेव्हा 'अजून उन्हाळ्याला वेळ आहे' म्हणत बसलेलो असतो. मॉक्सच्या (सराव परीक्षांच्या) गडबडीत शाळेचा इमेल वाचायचा राहून जातो, तर तेवढं कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

आता कडू भाग. आपल्यासारख्या घरांना यातलं सगळं मिळतंच असं नाही. या जागा मुळात अशा मुलांसाठी असतात ज्यांच्या घरात आधी कोणी युनिव्हर्सिटीत गेलेलं नाही, ज्यांना शाळेत फुकट जेवण मिळतं, जी आईबाबांऐवजी सरकारी देखरेखीखाली (केअरमध्ये) वाढलीत, किंवा ज्यांच्या भागातून फार कमी मुलं पुढे शिकतात. ग्रामर स्कूल सरकारी खर्चानेच चालतं, त्यामुळे 'स्टेट स्कूल' या रकान्यात तुम्ही बसता. पण आईबाबांची डिग्री? तुम्ही दोघं इंजिनिअर आहात असं लिहिलंय. माझ्याकडे एकदा एका काकांनी मखलाशी काढली होती, की डिग्री पुण्याची आहे, इथली नाही, मग 'पालक युनिव्हर्सिटीत गेले नाहीत' असं लिहिलं तर काय बिघडलं? कृपा करून असलं काही करू नका. डिग्री ती डिग्री, सीओईपीची असली तरी. शाळेकडून पडताळणी होते, आणि ती जागा ज्याची खरोखर होती त्याचं काय?

पण म्हणून अर्जच करायचा नाही असंही नाही. पोस्टकोड बघा. पोलार आणि टुंड्रा अशा दोन मोजपट्ट्या आहेत, ज्या भागातली किती मुलं युनिव्हर्सिटीत जातात त्यावरून त्या भागाला एक ते पाच असा नंबर देतात, एक म्हणजे सगळ्यात कमी. ऑफिस फॉर स्टुडंट्सच्या (इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिट्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) साइटवर पोस्टकोड टाकला की दोन मिनिटांत कळतं. आमचा टुंड्रामध्ये दोन निघाला, मला वाटलं होतं चार-पाच असेल, कारण घरांच्या किमती बघता... असो. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल तर प्रत्येक कार्यक्रमाच्या राहण्याच्या आणि होम फीच्या (इथल्या रहिवाशांना लागणारी कमी फी) अटी वेगळ्या वाचा. (आणि होम फीचा विषय आलाच आहे तर मुलाच्या अर्जाआधी आयएलआरचं (इथे कायम राहायच्या परवान्याचं) गणित जरूर मांडा, समर स्कूलपेक्षा कितीतरी जास्त पैसे तिथे अडकलेले असतात.)

फॉर्मबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली. मुलीला बायोकेमिस्ट्रीसाठी अर्ज करायचा होता. 'हा विषय का' म्हणून एक चौकोन असतो. तिने काहीतरी खरडलं होतं, मी म्हटलं दे इकडे, आणि रविवारी दुपारी बसून इतका सुंदर मजकूर लिहिला की काय सांगू, लहानपणापासून विज्ञानाची ओढ, मानवजातीची सेवा, सगळं होतं त्यात. तिच्या बायोलॉजीच्या बाईंनी वाचलं आणि फक्त विचारलं, 'यातलं तुझं काय आहे?'

तिचं मूळचं खरडलेलं असं होतं. साताऱ्याला माझ्या सासूबाईंना डायबेटीस आहे. सुट्टीत गेलो असताना तिने आजीच्या बोटाला टोचून ग्लुकोमीटर लावला, 148 आलं. आजी म्हणाली मशिनला काही कळत नाही, परत बघ. पाच मिनिटांत परत, 171. मग यातलं खरं कुठलं? गोळी कुठल्या आकड्यावर घ्यायची? तिने ते आकडे अठराने भागून इथल्या एककात काढले होते, डायरीत लिहून ठेवले होते, आणि एवढंच लिहिलं होतं की मला हे कळत नाही आणि कळून घ्यायचंय. मी ते खोडलं होतं, कारण मला वाटलं सासूबाईंची शुगर काय जगाला सांगायची. बाईंनी तेच परत घालायला लावलं.

तरी मोठ्या नावाच्या ठिकाणी नाहीच मिळालं. हेही लक्षात घ्या, जागा कमी आणि अर्ज भरमसाट, नकार आला म्हणून मुलगा कमी पडला असं काही नसतं. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग शाळेच्या करिअरवाल्या सरांनी मिडलंड्समधल्या एका युनिव्हर्सिटीचं चार दिवसांचं निवासी समर स्कूल दाखवलं, नाव मी कधी मंडळात कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, म्हणून खरं सांगायचं तर मीच नाक मुरडलं होतं. तिथे ती गेली आणि आमचं सगळं तिथेच फिरलं.

पहिल्या रात्री फोन. खोली एकटीची आहे, बाथरूम बरा आहे, टॉवेल विसरले. (टॉवेल द्या बरोबर. चादर असते, टॉवेल नसतो.) किचन आठ जणांत एक. तिने नेलेली बाकरवडी एका रात्रीत संपली आणि कोणीतरी रात्री अकराला टोस्ट जाळला, अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग पायजम्यात पार्किंगमध्ये. तिथेच म्हणे सगळ्यांची खरी ओळख झाली.

दुसऱ्या दिवशी लॅब. जेल इलेक्ट्रोफोरेसिस, डीएनएचे तुकडे जेलीच्या लादीतून वीज सोडून पळवायचे, लहान तुकडा लांब जातो, मोठा मागे राहतो. त्या लादीत इवले इवले खड्डे असतात, त्यात पिपेटने थेंबापेक्षाही कमी द्रव सोडायचा. हात थरथरतो, टोक जरा खाली गेलं की खड्ड्याचा तळ फुटतो. तिचे दोन फुटले. मग वीज लावून बसायचं, पाऊणेक तास नुसतं बघत. शेजारचा ब्रॅडफर्डचा मुलगा त्या निळ्या रेषेवरून नजर काढत नव्हता, हळूहळू सरकतेय म्हणून खूश. माझी लेक फोनवर म्हणाली, 'आई, तो जेल बघत होता आणि मी घड्याळ बघत होते.'

मला धस्स झालं. दोन वर्षं घरात बायोकेमिस्ट्री बायोकेमिस्ट्री चाललेलं.

शेवटच्या दुपारी एक छोटं सेशन होतं, ऐच्छिक, अर्धी मुलं झोपायला गेली होती. स्टॅटिस्टिक्सच्या एक बाई आल्या आणि त्यांनी एकाच गोष्टीची मोजमापं परत परत केली की आकडे का हलतात, आणि हललेल्या आकड्यांतून खरं कसं शोधायचं, एवढंच शिकवलं. हिने आजीचं 148 आणि 171 विचारलं. बाई म्हणाल्या दोन्ही बरोबर असू शकतात. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येच 100 च्या वरच्या रीडिंगला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, समजा खरी शुगर 160 असेल तर दोन्ही आकडे त्यात आरामात बसतात. परत येताना ट्रेनमधून तिचा मेसेज आला, 'माझा प्रश्न बायोकेमिस्ट्रीचा नव्हताच'. नशिबाने ए-लेव्हलला (इथली अकरावी-बारावी) मॅथ्स होतंच. आता ती स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

म्हणून तुम्ही जे विचारलंय ना, 'याने अ‍ॅडमिशनला किती फायदा होतो', त्याचं उत्तर मी जरा वेगळं देते. आता पर्सनल स्टेटमेंट (युनिव्हर्सिटीच्या अर्जात मुलाने स्वतःबद्दल लिहायचा मजकूर) 2026 च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांचं झालंय: हा कोर्स का, तुझ्या शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस. सगळं मिळून 4000 कॅरेक्टर्स, प्रत्येकाला किमान 350. त्यात 'मी अमुक समर स्कूलला गेलो' या वाक्याला किंमत नाही. तिथे काय बघितलं, त्यावर घरी येऊन काय वाचलं, मत कुठे बदललं, याला आहे. ऑक्सफर्डसुद्धा युनिकला जाऊन आला म्हणून ग्रेड कमी करून देत नाही. काही ठिकाणी मात्र थेट फायदा असतो. उदाहरणार्थ मँचेस्टर अ‍ॅक्सेस प्रोग्राम, तो ग्रेटर मँचेस्टरच्या मुलांसाठी आहे, त्यात एक अभ्यासाची असाइनमेंट करावी लागते आणि पूर्ण केलं तर तिथे कमी ग्रेडची ऑफर मिळू शकते. असले कार्यक्रम बहुतेक स्थानिक असतात, तेव्हा तुमच्या तासाभराच्या अंतरावरच्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या साइट चाळा.

तुमच्या मुलाचा मेडिसिनचा विचार अजून जिवंत असेल तर दोन गोष्टी. यूकॅट, म्हणजे मेडिसिनची प्रवेश परीक्षा, उन्हाळ्यातच असते, जुलै ते सप्टेंबर, आणि निवासी कार्यक्रमही त्याच जुलै-ऑगस्टमध्ये, वर आपलं भारतात जायचं तिकीट. तिन्ही एका कागदावर मांडा आणि मगच तिकीट काढा. अर्जाची मुदत मेडिसिनला आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला 15 ऑक्टोबर आहे, बाकीच्यांसारखी जानेवारीत नाही. दुसरं म्हणजे मेडिसिनसाठी चार दिवसांच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा केअर होममध्ये दर शनिवारी दोन तास जाणं जास्त मोलाचं, तिथे त्याला कळेल की म्हाताऱ्या माणसाला भरवताना आपल्याला कंटाळा येतो की नाही. विज्ञानाचं रिसर्च प्लेसमेंटही बघा (पूर्वी नुफिल्डचं म्हणून ओळखलं जायचं), म्हणजे खऱ्या संशोधनात काही आठवडे काम, इयर ट्वेल्व्हनंतरच्या उन्हाळ्यात, फुकट, पण त्यालाही अटी आहेतच.

आणि यातलं एकही नाही मिळालं तर एक दिवसाचे टेस्टर डेज. हे फार कमी लोक मनावर घेतात. ओपन डे वेगळा, तिथे युनिव्हर्सिटी स्वतःला विकत असते, पिशव्या आणि पेनं वाटत असते. टेस्टर डे म्हणजे एका विषयाचं लेक्चर, लॅब, प्रश्न. बहुतेक फुकट, आणि पालकांच्या डिग्रीची भानगड बऱ्याच ठिकाणी नसते. दोन वेगळ्या विषयांचे दोन करायला सांगा, एक बायोमेडचा आणि एक ज्याचं त्याने कधी नावही काढलं नाही असा. इंजिनिअरिंगकडे कल असला तर स्मॉलपीस ट्रस्टचे निवासी कोर्स असतात, ती 1966 पासूनची चॅरिटी आहे, फी आहे पण बर्सरीही (गरजूंना आर्थिक मदत) असते. म्हणजे पैसे घेणारा प्रत्येकजण लबाड असंही नाही हो.

मिस्टर काळजी करतायत म्हणालात. मुलं सतरा वर्षांचीच असतात हे त्या लोकांना ठाऊक असतं, पार्श्वभूमी तपासून घेतलेले स्टुडंट अ‍ॅम्बॅसेडर (त्याच युनिव्हर्सिटीतले मोठे विद्यार्थी) चोवीस तास असतात, रात्री खोलीत परतायची वेळ ठरलेली, दारूला सक्त बंदी. आमच्याकडून आधी संमतीपत्र आणि औषधांची माहिती भरून घेतली होती. शाकाहारी असेल तर फॉर्ममध्ये नीट लिहा, 'व्हेजिटेरियन पण अंडं चालतं' इतकं स्पष्ट, नाहीतर चार दिवस जॅकेट पोटॅटो.

तर आता आज रात्री पोस्टकोड टाकून बघा. आणि मुलाला म्हणावं 'हा विषय का' वर दहा ओळी खरड, आणि तुम्ही त्या वाचू नका. नंबर काय येतो ते इथे सांगा, मग कुठे कुठे अर्ज करायचा ते बघू.