या वयात पाय ताणले तर काही तुटणार तर नाही ना?

काका माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. वय ७१, सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सोबत काकू होत्या, त्यामुळे पहिली भेट झोप, चिडचिड आणि ‘हल्ली हे कुठे बाहेरच पडत नाहीत’ यावरच गेली. दुसऱ्या भेटीत काकू बाहेर थांबल्या. काकांनी एक शब्द न बोलता उजवा बूट काढून मला मोजा दाखवला. अंगठ्यापाशी भोक पडलं होतं.

“नवा मोजा आहे. आठ दिवसांत नखानं फाटला.”

नखं वाढली होती, कारण हात तिथवर पोचत नव्हता. खुर्चीत बसून वाकलं की बोटं नडगीच्या अर्ध्यावर थांबत आणि मांडीमागची शीर तुटेल की काय असं वाटे. काकूंना सांगायचं नव्हतं. का नव्हतं, तर “आज नखं, उद्या अंघोळ.” झोप उडाली होती ती या वाक्यापायी.

त्यांनी प्रयत्न केलाच नव्हता असं नाही. दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवर व्हिडिओ पाहून रोज पहाटे उठल्याउठल्या पायाचे अंगठे धरायचा चंग बांधला होता. वाकायचं, हिसका द्यायचा, पुन्हा वाकायचं. चौथ्या दिवशी मांडीमागे चमक भरली, काळंनिळं झालं, दोन आठवडे लंगडत काढले. त्यानंतर त्यांचा निकाल पक्का: “ओलं लाकूड वाकतं, वाळलेलं मोडतं. या वयात पाय ताणले तर काहीतरी तुटणारच.”

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा येतो की मी तयार उत्तर देऊन मोकळी झाले, “अहो, घाबरू नका, सगळेच करतात.” हे बोलायला नको होतं. ज्याला एकदा खरंच दुखापत झाली आहे, त्याला घाबरू नका म्हणणं म्हणजे तुमचा अनुभव खोटा म्हणण्यासारखंच. काका गप्प झाले आणि बूट घालू लागले. बूट घालतानाही त्यांनी श्वास रोखून धरला होता, हे तेव्हा दिसलं.

मग मी त्यांना आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं आणि स्वतः शेजारी बसून राहिले. बाईंनी व्यायामाचं नाव काढण्याआधी चौकशी केली. हाडं ठिसूळ असल्याचं कधी निदान झालंय का? झालं असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं बंद, कारण मणक्यावर तो भार धोक्याचा. खुब्याचं ऑपरेशन? तसं असेल तर कुठली हालचाल चालेल हे सर्जनला विचारल्याशिवाय काहीच नाही. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? अर्ध्या तासात सुटत असेल तर एक गोष्ट, तासाच्या वर राहत असेल तर आधी डॉक्टर. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं असं काही? तसं असेल तर ताण द्यायचाच नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. काकांना यातलं काही नव्हतं. पण कुणीतरी नीट विचारतंय म्हटल्यावर त्यांचे खांदे जरा खाली आले.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. वयानुसार लवचिकता कमी होते आणि दिवसभर खुर्चीत बसून स्नायू आखडतात, हे खरं आहे. पण ताण द्यायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जो फरक पडतो, तो स्नायू लांब झाल्यानं फारसा नसतो. तो ताण सोसायची मज्जासंस्थेची तयारी वाढते. हिसका बसला की ती सावध होते आणि स्नायू आणखी आवळून धरते. काकांच्या मांडीनं चौथ्या दिवशी नेमकं तेच केलं होतं. भीती आणि आखडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं मी तोवर धरून चालले होते.

व्यायाम तीनच दिले. घरात दहा मिनिटं चालून झाल्यावर, संध्याकाळी. पहाटे नाही, थंड स्नायूवर नाही. पहिला: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या कडेशी बसायचं, एक पाय सरळ, टाच जमिनीवर, पाठ ताठ ठेवून कमरेतून नाही तर खुब्यातून पुढे झुकायचं. मांडीमागे ओढ जाणवली की थांबायचं. ओढ चालेल, दुखणं नाही. पायात मुंग्या किंवा विजेसारखी सणक आली तर ती नसेची तक्रार, लगेच मागे यायचं. दुसरा पोटरीचा: हात भिंतीवर, मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा, म्हणजे पोटरीतला खोलवरचा स्नायूही ताणला जातो. तिसरा काकांना फार आवडला. खुर्चीत बसून एका पायाचा घोटा दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर ठेवायचा आणि हातानं न दाबता तसंच बसायचं. “हात पायापर्यंत नेता येत नसेल तर पाय हातापाशी आणा,” बाई म्हणाल्या. मोजा घालायची रीत हीच की! अंगठे धरायच्या हट्टात हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रत्येक ताण ३० सेकंद, दोन-तीनदा. जमेल तसं ६० सेकंदांपर्यंत. ६५ वर्षांवरच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस मांडीमागच्या स्नायूला ताण दिला, तेव्हा १५ आणि ३० सेकंदांपेक्षा ६० सेकंदवाल्यांना जास्त फायदा झाला आणि तो व्यायाम थांबवल्यावरही जास्त टिकला. त्यातले काहीजण नव्वदीच्या पुढचे होते. काकांना आकडे पटतात, त्यामुळे ‘वाळलेलं लाकूड’ त्या दिवशी पहिल्यांदा थोडं हललं.

पुढच्या भेटीत मी त्यांना करून दाखवायला सांगितलं. काका पाय सरळ करून मनात मोजायला लागले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्यांचे तीस झाले तेव्हा सेकंदकाटा चौदावर होता. चेहरा लाल, श्वास बंद. जन्मभर बेरजा करणाऱ्या माणसाचे तीस चौदा सेकंदांत उरकावेत, यावर आम्ही दोघंही हसलो. मग ठरलं, मोठ्यानं मोजायचं. बोलताना श्वास रोखता येत नाही आणि घाईही आपोआप कमी होते. वयस्कर माणसानं श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, तेव्हा ही युक्ती नुसती सोयीची नाही.

तिसऱ्या आठवड्यात गाडं अडलं. काका एका वहीत रोज पट्टीनं मोजून लिहीत होते, बोटं पायाच्या अंगठ्यापासून किती सेंटिमीटर दूर. आकडा कधी कमी, कधी जास्त. “प्रगती शून्य,” त्यांनी खाली लाल रेघ ओढली होती. मी पट्टी बंद करायला सांगितली. त्याऐवजी मोजा चढवायला किती प्रयत्न लागले, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता आलं का, एवढंच लिहायचं. या उठण्याचं कारण वेगळं आहे. नुसत्या ताणाच्या व्यायामानं पडण्याचा धोका टळत नाही, त्याला पायात जोर आणि तोल लागतो. म्हणून बाईंनी आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून उठबस आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणंही जोडलं होतं.

काकूंशी मी वेगळं बोलले. मदतीच्या भरात त्या काकांचा गुडघा वरून दाबू लागल्या होत्या. ते थांबवलं. दुसऱ्यानं दाबलं की ताण किती झाला हे फक्त ज्याचा पाय त्यालाच कळतं आणि तो बहुधा भिडेपोटी गप्प राहतो. घरच्यांनी वेळेची आठवणही करून देऊ नये, असं माझं मत आहे. माणूस व्यायामाचा नाही, टोचणीचा कंटाळा करतो.

दोन महिन्यांनी काका आले तेव्हा मोजे साबूत होते. झोप? “लागते हो,” म्हणून त्यांनी विषय झटकला. त्यांना नखांचं सांगायचं होतं. उजव्या पायाची सगळी त्यांनी स्वतः कापली होती, डाव्याची चार. करंगळी काही केल्या हाताला येत नव्हती.

“मग?”

“मग काय, हिला हाक मारली. म्हटलं, एवढं एक कापून दे.”

नेलकटर हातात घेऊन काकू चष्मा शोधत बसल्या, तोवर पाय गुडघ्यावरच होता. पूर्ण मिनिट झालं असेल, काका म्हणाले, तेवढाच व्यायाम.