बेलिफ दारात आला, आता घरातलं काय काय नेणार?

‘कोर्टाची पायरी’ : वाचकांचे प्रश्न, निवृत्त बेलिफाची उत्तरं

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, विड्या वळते. आमचे मालक टॉवेलच्या मागावर कामाला आहेत. थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत पिऊन गाडी चालवताना सापडले. कोर्टात गुन्हा कबूल केला. १०,००० रुपये दंड झाला, नाही भरला तर ३० दिवस साधी कैद. पैसे नव्हते म्हणून साहेबांनी तीन हप्ते करून दिले आणि धाकटे दीर जामीन राहिले. पहिले ४,००० मी बचतगटातून उचलून भरले. पुढे कारखान्यात काम कमी झालं, माग आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागला. दुसऱ्या तारखेला हातात काहीच नव्हतं, म्हणून हे भीतीने कोर्टात गेलेच नाहीत. परवा दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस आला. ‘कोर्टाचा बेलिफ’ म्हणाला. टीव्ही, कूलर, मिक्सर, सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या गळ्याकडे बघून ‘मंगळसूत्र किती ग्रॅमचं?’ असं विचारलं. मग म्हणाला, दोन हजार द्या, कागद दाबून ठेवतो. मी शेजारणीला हाक मारली तसा निघून गेला. आता हे म्हणतात, महिनाभर आत जाऊन येतो, दंड तरी सुटेल. घर माझ्या नावावर आहे, ते जाईल का? दिरांच्या पगाराला हात लागेल का?
— एक विडी कामगार भगिनी

उत्तर : ताई, शेजारणीला हाक मारलीत ते फार बरं केलंत. माझी सगळी नोकरी बेलिफ म्हणूनच गेली, म्हणजे कोर्टाच्या नोटिसा आणि जप्तीचे हुकूम बजावण्यात, म्हणून ठामपणे सांगतो : कोर्टाचा माणूस ‘कागद दाबून ठेवत’ नाही. त्याला त्या कागदावर काय केलं ते लिहून कागद कोर्टात परत द्यावा लागतो. भेटला, नाही भेटला, जप्ती केली, माल सापडला नाही, काहीतरी लिहावंच लागतं. आणि तुमचं प्रकरण फौजदारी दंडाचं आहे. दंडवसुलीचं वॉरंट बहुतेक वेळा पोलिसांकडे जातं. दिवाणी दाव्यातला बेलिफ त्यासाठी वही घेऊन दुपारी एकटा हिंडत नाही.

पुन्हा कोणी आलं तर आधी कागद मागा. दाराच्या आत नंतर. त्यावर कोर्टाचं नाव, खटल्याचा नंबर, तुमच्या मालकांचं पूर्ण नाव, येणे रक्कम, न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. रक्कम ६,००० ऐवजी १०,००० लिहिली असेल तर तिथेच पहिल्या हप्त्याची पावती दाखवा. कागद नसेल तर दार लावून घ्या आणि ११२ ला फोन करा. माणूस खरोखर सरकारी असेल आणि तरीही पैसे मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. दंडाची रक्कम कोर्टातच भरायची आणि छापील पावती घ्यायची. दारात पावतीशिवाय रोख दिलेले पैसे सरकारी हिशोबात चढत नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय, ‘साहेबाला दिले’ म्हणतात आणि साहेब कोण ते कुणालाच माहीत नसतं.

तुमच्या पत्रातली खरी अडचण या माणसाची नाही, चुकलेल्या तारखेची आहे. हप्ते करून देताना कोर्टाने जो जातमुचलका, म्हणजे लेखी हमी, लिहून घेतला, तो मालकांनी पैशाच्या तारखेला कोर्टापुढे हजर राहावं यासाठी असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६४ तसंच सांगतं. खिशात हप्ता असो वा नसो, त्या दिवशी माणूस साहेबांपुढे उभा दिसला पाहिजे. हजर राहून ‘साहेब, माग बंद आहे, आज हजारच आणलेत’ म्हणणारा आणि घरात दडून बसणारा, या दोघांकडे कोर्ट एकाच नजरेने पाहत नाही. हप्ता चुकला की कैद लगेच अमलात आणायचा हुकूम कोर्ट करू शकतं. करू शकतं म्हणतो, करायलाच हवा असं कलमात नाही. त्या फटीतूनच तुम्हाला वाट काढायची आहे.

म्हणून मालकांना सोमवारी सकाळी कोर्टात पाठवा, तुम्हीही सोबत जा. वॉरंट निघालंय की नाही ते आधी मोबाईलवर बघता येतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की तारीख आणि हुकूम दिसतात. पहिल्या पावतीवर तो नंबर नसला तर खटल्याच्या नंबरावरूनही सापडतं, शाळेत जाणारं कुठलंही पोर काढून देईल. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेल्या माणसाला महाराष्ट्रात तिथे फुकट वकील मिळतो, बाईला तर उत्पन्न न बघता मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. वकिलाला सांगा : हजर राहिलो नाही त्याबद्दल माफीचा आणि उरलेल्या रकमेला मुदत मिळण्याचा अर्ज द्या. सोबत कारखान्याच्या मालकाकडून काम कमी असल्याची चार ओळींची चिठ्ठी, बचतगटाचं पासबुक आणि पहिली पावती जोडा. हातात पाचशे असतील तर पाचशे घेऊन जा. मोकळ्या हाताने केलेला अर्ज आणि थोडे पैसे भरून केलेला अर्ज यांत फार फरक पडतो, हे मी बाकावर बसून वर्षानुवर्षं पाहिलंय.

एक गोष्ट मात्र मला कायमच खटकत आली आहे. कायद्यात हप्त्यांची गणती महिन्याची. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत, पुढचे फार तर ३०-३० दिवसांच्या अंतराने, आणि हप्ते जास्तीत जास्त तीन. सोलापुरात मागावरचा पगार होतो आठवड्याला, तुमची विडीची मजुरी हजारी मापाने. महिना संपेपर्यंत दोन हजार हातात राहतील असं घर इथे विरळाच. त्यामुळे अर्जात थोडथोडी रक्कम आठवड्याला जमा करायची परवानगी मागून बघा. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आता जप्तीचं. दंड मालकांना झाला आहे, म्हणून जप्ती फक्त मालकांच्या मालकीच्या मालावर होते. वॉरंट हातात घेऊन माणूस आला तरी सामान त्याच दिवशी विकलं जात नाही. आधी जप्ती करतात आणि किती दिवसांत पैसे भरायचे ते वॉरंटवरच लिहिलेलं असतं. तेवढ्यात भरले की माल सुटतो. तुमचं मंगळसूत्र तुमचं आहे, ते नवऱ्याच्या दंडात जात नाही. विड्यांचं सूप, कात्री, पत्रा हे तर तुमच्या मजुरीचं सामान. टीव्ही, कूलर तुम्ही बचतगटाच्या पैशातून घेतले असतील तर बिलं आणि गटाचं पुस्तक हाताशी ठेवा. ‘हे माझं आहे’ असं तिथेच सांगा आणि पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा. पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या असतात, त्यांतला एक शेजारचा ओळखीचा असू द्या. लिहून घेत नसेल तर दुसऱ्याच दिवशी कोर्टात अर्ज. खरं सांगायचं तर जुन्या कूलरला लिलावात काय येतं हे आम्हाला पक्कं माहीत असायचं. गंजून गेलेला पत्रा, टाकीत साचलेला क्षार, रिमोटला बांधलेलं रबर. असला माल रिक्षात घालून कोर्टात न्यायचा म्हणजे रिक्षाभाडंही निघत नाही. मग ‘जप्तीयोग्य माल आढळून आला नाही’ एवढं लिहून आम्ही परत यायचो, आणि त्यात काही खोटं नसायचं.

घराबद्दल निर्धास्त राहा. कुंभारीची ती दहा हजारांवर घरं विडी वळणाऱ्या बायकांच्याच नावावर झाली आहेत. २००६ मध्ये चाव्या दिल्या तेव्हा त्यावरून कितीतरी घरांत नवऱ्यांची तोंडं वाकडी झाली होती, ते मला आठवतं. आज तेच कामी येतंय. वरच्या जप्तीच्या वॉरंटने जंगम, म्हणजे हलवता येणारा, माल जप्त होतो, घर नाही. घरापर्यंत जायचं तर कोर्टाला वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडे जमीन महसुलाची थकबाकी म्हणून पाठवावी लागते, आणि तिथेही दंड झालेल्याचीच मिळकत लागते. तुमची नाही. तुम्ही विडी कामगार म्हणून घेतलेलं घर त्यांच्या दारूच्या दंडात जाणार नाही.

‘आत जाऊन येतो’ याचा हिशोब मालकांना नीट समजावून सांगा. दहा हजारांपैकी चार भरलेत, उरले सहा. भरलेल्या पैशांच्या प्रमाणात कैद कमी होते, म्हणजे ३० दिवसांऐवजी १८. आत गेल्यावरही उरलेली रक्कम कोर्टात भरली की लगेच सुटका. पूर्ण कैद भोगली तर त्याच दंडासाठी पुन्हा जप्तीचं वॉरंट सहसा निघत नाही, खास कारण लेखी नोंदवल्याशिवाय कोर्टाला ते काढता येत नाही. इतकं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण १८ दिवस माग सुटणार, मग कारखान्यात दुसरा माणूस उभा राहणार. आणि दंडवसुलीची मुदत शिक्षेपासून सहा वर्षं असते, त्यामुळे ‘लपून बसलो की कालांतराने विसरतात’ हे तर अजिबात धरून चालू नका.

दिरांचा पगार. त्यांच्यावर दंड नाही, जामीन आहे. मालक हजर राहिले नाहीत तर मुचलका जप्त होऊन त्यातली रक्कम दिरांना भरावी लागू शकते. आधी त्यांना नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. म्हणजे मालक सोमवारी कोर्टात उभे राहिले की सगळ्यात आधी दिरांच्या डोक्यावरचं ओझं हलकं होतं. हे दिरांना आत्ताच सांगा, नाहीतर नोटीस आल्यावर तुमच्या घरात दुसरंच भांडण सुरू होईल.

प्रश्न : माझं शेळगीत पिको-फॉलचं छोटं दुकान आहे. कापड व्यापाऱ्याचे ३८,००० थकले, दिवाणी कोर्टात त्यांच्या बाजूने हुकूम झाला. बेलिफ दिवे लागल्यावर घरी आला आणि मशीन नेऊ म्हणाला. मला अटकही होईल असं व्यापारी सांगतो.

उत्तर : हा मात्र खरा बेलिफाचा प्रांत. दिवे लागल्यावर म्हणता? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या काळी साहेब यावरून बेलिफाला उभा करून झापायचे. कलम ६० प्रमाणे कारागिराची हत्यारं, घरच्यांचे रोजचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बाईने धर्माच्या रीतीने अंगावरून उतरवू नये असा दागिना जप्त होत नाही. ज्या पिको मशीनवर तुम्ही स्वतः बसता ते कारागिराचं हत्यार आहे, असा लेखी अर्ज लगेच द्या. दुकानात तीन मशीन असतील आणि दोन भाड्याने दिलेली असतील, तर हे म्हणणं त्या दोनला लागू पडणं अवघड.

अटक अशी थेट होत नाही. आधी कोर्टाची नोटीस येते, आणि पैसे असून देत नाही किंवा माल लपवला असं काही दिसल्याशिवाय निव्वळ गरिबीसाठी कैद नाही. पैशाच्या हुकुमासाठी बाईला तर अटक करताच येत नाही. तुम्ही नोटिशीला मात्र हजर राहा. हुकूम झाल्यावर हप्ते हवे असतील तर व्यापारी राजी व्हावा लागतो. त्यामुळे कोर्टाबाहेर त्याच्याशी बोला, ठरेल ते लिहून कोर्टात दाखल करा, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती कोर्टाला कळवा. न कळवलेला हप्ता हिशोबात धरत नाहीत.

प्रश्न : दंड पूर्ण भरला, पावती आहे, तरी हवालदार वॉरंट घेऊन आले. असं कसं?

उत्तर : तुम्ही पैसे भरलेत, पण वॉरंट परत मागवायचं राहून गेलंय. पावतीची झेरॉक्स जोडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज त्याच कोर्टात द्या, हुकुमाची नक्कल घ्या आणि ती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पोच मिळेपर्यंत मूळ पावती खिशात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, घामाने शाई उडते.