गर्दच्या केसमध्ये तुरुंगाऐवजी प्रोबेशन मिळतं का?

तुमचा प्रश्न असा : भावाला ३ ग्रॅम गर्दसह (म्हणजे हेरॉइनसह) पकडलं, तो काही वर्षं व्यसनात आहे, जामीन झालाय आणि वकील म्हणतात की १९५८च्या प्रोबेशन कायद्याखाली (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) अर्ज करू. चालेल का?

बहुतेक नाही. दोषारोपपत्रात कलम कुठलं लागलंय ते आधी बघा. बाळगल्याचं, म्हणजे २१(ए) असेल, तर एनडीपीएस कायद्याचं (अमली पदार्थांविरुद्धचा कायदा) कलम ३३ आडवं येतं. आरोपी १८ वर्षांखालचा असेल किंवा गुन्हा कलम २६ वा २७ मधला असेल, तरच १९५८चा कायदा लावता येतो. २७ म्हणजे फक्त सेवन. २००१च्या दुरुस्तीपासून स्वतःपुरता माल बाळगणं त्यात बसत नाही. त्यामुळे असा अर्ज फेटाळला गेला तर त्यात नवल नाही. भावासाठी रस्ता आहे तो एनडीपीएसमधल्याच कलम ३९ चा. सेवन किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला शिक्षा न सुनावता त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडायची मुभा ते न्यायालयाला देतं.

मुभा देतं, सक्ती करत नाही. वय, पूर्वेतिहास, प्रकृती हे बघून न्यायाधीश ठरवतात. आधी बंधपत्र, जामीनदारासह किंवा त्याशिवाय. मग जास्तीत जास्त एका वर्षात उपचाराचा अहवाल न्यायालयात हजर राहून द्यायचा. तो पटला तर समज देऊन दुसऱ्या बंधपत्रावर सोडतात, त्याची मुदत ३ वर्षांपर्यंत असू शकते. या काळात पुन्हा अमली पदार्थांचा गुन्हा केला तर शिक्षा घ्यायला बोलावणं येतं.

मात्रेचं नीट तपासा. हेरॉइनची अल्प मात्रा म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. बरोबर ५ भरलं तरी ती अल्प राहत नाही. आणि वजन धरतात ते भेसळीसकट सगळ्या पुडीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हीरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. पंचनाम्यातलं वजन आणि सीए रिपोर्ट (सरकारी रासायनिक तपासणीचा अहवाल) शेजारी ठेवून वाचा. कागदाचं किंवा प्लास्टिकचं वजन आत धरलंय का, हेही बघा.

खरं तर ३९ च्या आधी ६४-ए चा विचार करा. ३९ दोषी ठरल्यावर लागतं. ६४-ए मध्ये आरोपी स्वतःहून उपचार घेतो आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटलाच चालत नाही. दोषसिद्धीचा डाग टळतो. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं.

दोन्हीकडे घोळ होतो तो कागदांचा. पहिला : जामिनाच्या वेळी लिहून द्यायचं की हा कधी नशा करतच नाही, आणि पुढे म्हणायचं हा व्यसनी आहे. सरकारी वकील तो जुना अर्ज काढून दाखवणारच. दुसरा : उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत. गल्लीतल्या केंद्राची मोठी पावती उपयोगाची नाही; भरती करण्याआधी मान्यतेच्या पत्राची प्रत मागून घ्या. चौकशी १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते.

तिसरा घोळ डिस्चार्ज कार्डाचा. ‘भरती, सुधारणा, घरी सोडले’ एवढ्यावर न्यायालयाला काही कळत नाही. निदान (ओपिऑइड अवलंबित्व, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थांचं व्यसन), भरती-डिस्चार्जच्या तारखा, लघवी तपासणीचे निकाल, फॉलो-अपच्या हजेऱ्या, पुढचा आराखडा हे सगळं डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने घ्या. ब्युप्रेनॉर्फिन (या व्यसनावर तलफ आवरायला देतात ते औषध) सुरू असेल तर ते औषध म्हणून दिलंय आणि किती डोस आहे हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ‘हा अजून गोळ्या खातो’ असा अर्थ काढणारे भेटतातच.

टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, उतरायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि घरचे तेवढ्यावरच ‘बरा झाला’ म्हणून परत आणतात. उपचार तिथे संपत नाहीत, सुरू होतात. या टप्प्यावर धोकाही सगळ्यात जास्त : शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. पुन्हा घेतलंच तर लपवू नका, त्याच दिवशी केंद्रात न्या आणि फाइलमध्ये नोंद करून घ्या.