वाचक विचारतात : बरोबरीचा डाग

प्रश्न : मेक्सिकोचा मुष्टियोद्धा रिकार्डो लोपेझ ‘अपराजित’ म्हणवतो, मग रेकॉर्डमध्ये बरोबरी कशी? नि ४७ किलोच्या माणसाच्या ठोशात दम तो किती?

उत्तर : त्याच्या ५२ लढती, ५१ विजय आणि त्यातले ३८ नॉकआउट, दमाचं उत्तर यातच आलं! त्याच्या गटाची वजनमर्यादा १०५ पौंड, म्हणजे सुमारे ४७.६ किलो. १९९० साली टोकियोत जपानच्या हिदेयुकी ओहाशीला पाचव्या फेरीत हरवून त्यानं जागतिक किताब घेतला. गार्ड (बचावासाठी धरलेले हात) उंच, पाय सतत योग्य जागी. डाव्या हुकनं (बाजूनं येणाऱ्या ठोशानं) समोरच्याला कोपर वर उचलायला लावायचं, की त्याच डाव्या हाताचा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) हजर.

बरोबरी झाली मार्च १९९८ मध्ये, निकाराग्वाच्या रोसेंदो अल्वारेझशी. दुसऱ्या फेरीत लोपेझ खाली पडला, कारकिर्दीत प्रथमच. पुढे डोकी आपटून त्याला जखम झाली नि लढत मध्येच थांबली. टक्कर अपघाती असेल आणि ठरलेल्या किमान फेऱ्या झाल्या असतील, तर निकाल गुणपत्रिकांवर लागतो. इथे एक पंच लोपेझकडे, एक अल्वारेझकडे, तिसऱ्याचे गुण समान. नोव्हेंबरातल्या फेरलढतीत अल्वारेझ वजनातच बसला नाही. लोपेझ जिंकला, पण तेही दोन विरुद्ध एक पंचांनी. पुढे १०८ पौंडांच्या गटातही त्यानं किताब मिळवला, नि २००१ मध्ये तो शेवटचं लढला.