खडूची खूण

*मावशींना जय ख्रिस्त. मी 39 वर्षांची. सोलापुरात घरीच शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम घेते. हाताखाली दोन बायका आहेत, दोघी शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगूभाषक वस्तीतल्या. मे महिन्यात ऐन सीझनला व्यापाऱ्यानं साठ शर्ट परत पाठवले, सगळ्यांचे खिसे खाली गेलेले. मी त्यातल्या एकीला दुसरीच्या देखत नको नको ते बोलले. 'डोळे गहाण ठेवलेस का?' असं म्हणाले. तिनं दोन दिवस बसून सगळे खिसे उसवून पुन्हा लावले. वर मी तिचे सहाशे रुपये कापले. दहा दिवसांनी मशीनमागे 28 नंबरचा फर्मा, म्हणजे खुणा करायचा मापाचा नमुना, सापडला. म्हणजे खुणा मीच 30 च्या फर्म्यावरून केल्या होत्या. तिनं माझ्या खडूच्या खुणेवरच खिसा लावला होता. दोन महिने झाले, मी तिला अजून सांगितलेलं नाही.*

*मी चर्चमध्ये महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, संडे स्कूल घेते. या बाईला मी पूर्वी एकदा म्हणाले होते की आमच्यात खोटं चालत नाही. आता कबूल केलं तर येशूच्या नावाला बट्टा लागणार नाही का? नाताळात तिला चांगली साडी घ्यावी, असं मनात आहे. घरीही तेच. पाणी यायच्या दिवशी सासूबाईंवर ओरडते, मग रडते. मिस्टर म्हणतात, 'चर्चमध्ये साखर, घरात ठेचा.' वीस वर्षं प्रार्थना करते, स्वभाव काही बदलत नाही. चाळीस दिवसांचा उपास धरू का?*

*— एक बहीण, सोलापूर*

लेकी, जय ख्रिस्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, ही स्वभावाची तक्रार आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की स्वभाव, प्रार्थना, वीस वर्षं, उपास हे सगळं तू त्या साठ शर्टांवर चादर घालावी तसं घातलंयस. तेव्हा आधी ते शर्ट बाहेर काढू.

उपास धरू नकोस. निदान आत्ता नको. बायबलमधला यशयाचा 58 वा अध्याय उघड. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तरी तुझं लक्ष का नाही? उत्तर तिसऱ्याच वचनात आहे: उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तो ओरडा देवाच्या कानी जातो. शास्त्रात रागाबद्दल, गर्वाबद्दल पुष्कळ आहे, पण मजुरीबद्दल जे आहे ते अगदी हिशेबाच्या भाषेत आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीय पुस्तकात लिहिलंय. तुझ्याकडे दोन महिने आहे.

आता हिशेबच करू. तू सहाशे म्हणतेस. मी तसं धरत नाही. तिनं दोन दिवस बसून खिसे उसवले आणि पुन्हा लावले. उसवणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. ब्लेडचं टोक टाक्याखाली घालायचं, कापडाला धक्का लागू द्यायचा नाही, उरलेले दोरे चिमटीनं वेचायचे, आणि असे साठ खिसे. त्या दोन दिवसांची मजुरी तू पत्रात धरलीच नाहीस. चूक तुझी होती, तेव्हा ते तुझं काम होतं, तिनं केलं. त्याचे पैसे तुमच्यात जे काही पडतात ते मिळव. त्याच लेवीयात, दुसऱ्याचं लुबाडलेलं परत करताना मुद्दल पुरं द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, असा नियम आहे. सहाशेवर एकशेवीस. येशूला बघायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उठला होता, पण तुला कुणी झाडावर चढायला सांगत नाही. पाचवा हिस्सा पुरे.

आणि साडी नको. नाताळात द्यायची असेल तर खुशाल दे, दोघींना दे, पण या हिशेबात धरू नकोस. साडी दिलीस की तू देणारी ठरतेस आणि ती घेणारी. ती हात जोडून म्हणेल, 'कशाला ओ अक्का एवढं', आणि तुला बरं वाटेल. ते बरं वाटणं फुकटचं आहे. पैसे तिचेच होते.

आता सांगायचं कसं. इथे माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. मी शिक्षिका होते. एकदा कपाटाची किल्ली हरवली आणि मी भर स्टाफरूममध्ये आमच्या शिपाईमामांवर आळ घेतला. चोरी म्हणाले नाही, पण 'कुठे टाकलीत आठवा जरा' हे ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात चोरीच होती. चार दिवसांनी पाऊस आला, छत्री उघडली, तर किल्ली टणकन फरशीवर पडली. मी मामांना जिन्याखाली गाठलं, आजूबाजूला कुणी नाही बघून म्हटलं, 'मामा, चुकले हं.' ते म्हणाले, 'असू द्या बाई.' मी मोठ्या समाधानानं घरी गेले. बऱ्याच दिवसांनी एका तरुण शिक्षिकेनं मला सहज विचारलं, 'बाई, त्या मामांनी हरवलेल्या किल्लीचं पुढे काय झालं?' माझे पाय लटपटले. आळ चौदा जणांसमोर घेतला आणि माफी जिन्याखाली मागितली. त्या चौदा जणांच्या लेखी मामा तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, चहा चालू असताना उभी राहून सांगितलं. काय बोलले ते आठवत नाही. हातातली बशी वाजत होती एवढं आठवतं.

म्हणून सांगते, जिच्या देखत बोललीस तिच्या देखत सांग. दोघी कामावर असताना. दोन्ही फर्मे हातात घेऊन बस आणि दाखव: हा 28, हा 30, मी हा समजून हा घेतला, खूण माझी होती, तू बरोबर लावलं होतंस. पैसे तिथेच मोजून दे. 'सीझनचं टेन्शन होतं', 'व्यापारी डोक्यावर बसला होता' यातलं काही बोलू नकोस. खरं असेल, पण टेन्शन तिलाही होतं. 'मला माफ कर' म्हण, 'माफ केलंस ना?' असं विचारू नकोस. ती बिचारी तुझ्याकडे कामाला आहे, 'नाही' कशी म्हणेल?

ती काय करेल, माहीत नाही. कदाचित 'जाऊ द्या अक्का' म्हणेल आणि मनात ठेवेल. कदाचित पुढच्या सीझनला दुसरीकडे जाईल. गणवेशांच्या या गावात चांगल्या हाताला काम कमी नाही. कदाचित असंही होईल की तिला ते आधीपासूनच ठाऊक असेल. शिलाईतल्या बायका खडूची खूण विसरत नाहीत. मला तर हेच जास्त संभवनीय वाटतं.

आता बट्ट्याचं. 'आमच्यात खोटं चालत नाही' हे वाक्य तू बोललीस तिथेच अर्धी अडचण झाली. चालतं गं. आमच्यात, तुमच्यात, सगळ्यांत चालतं. हे वाक्यही त्याच बैठकीत मागे घे. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा प्रभूला नाकारलं, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. चौघांपैकी एकानंही 'मंडळीच्या पुढाऱ्याची अब्रू आहे, हे राहू द्या' म्हणून वगळली नाही. त्यांना बट्ट्याची भीती नव्हती, आणि आपल्याला महिला मंडळाच्या सेक्रेटरीपदाची आहे. शिवाय डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते वचन मी अनेक वर्षं उलटं वाचत होते, आपल्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर, असं. तसं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. आपल्या मनातलं आपण प्रार्थनेत मिटवू शकतो. दुसऱ्याच्या मनातलं मिटवायला चालत जावं लागतं. तू संडे स्कूल सोडू नकोस, पण या रविवारच्या आत हे उरक.

आता वीस वर्षांत बदलत नसलेला स्वभाव. पौल गलतीकरांना लिहिताना देहाची 'कर्मे' म्हणतो, अनेकवचनात, आणि आत्म्याचं 'फळ' म्हणतो, एकवचनात. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असं करत शेवटी इंद्रियदमनापर्यंत येतो, पण फळ एकच. माझ्या नणंदेची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडतात. महिना-दीड महिना ताण देतात, पानं पिवळी होऊन गळतात, नवख्याला वाटावं की बाग गेली. मग छाटणी, खत, हळूहळू पाणी, आणि तेव्हा कुठे कळी. पुढे फळ हाती यायला पाच-सहा महिने. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नणंदेला म्हटलं, झाडाचा छळ चाललाय. ती म्हणाली, 'वहिनी, नुसतं पाणी पाजलं तर पानंच येतात.' फार ताणत नाही ही उपमा. डाळिंबावर तेल्या रोगही पडतो, त्याचं काय करायचं ते पौलानं लिहिलेलं नाही.

तू चर्चमध्ये गोड असतेस ते ढोंग नव्हे. तिथे ताण नाही, एवढंच. गाणी ठरलेली, माणसं नटूनथटून आलेली, आणि पाण्याची मोटर लावायची नाही. सहनशीलता लागते ती मे महिन्यात, मशीनवर, व्यापाऱ्याचा फोन वाजत असताना. तुझं शिकणं चालू आहे ते तिथे, आणि तिथे तू दोन महिने ती गोष्ट मनाआड करू शकली नाहीस, हेही काही कमी नाही. फर्मा मशीनमागेच राहू दिला असतास तर कुणाला कळलं असतं?

आणि तापटपणाबद्दल एकटेपणा मानू नकोस. आपल्या मराठी मंडळीत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव किती आदरानं घेतो! 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस, आजही त्यांची भजनं गाताना डोळे भरतात. त्यांचा तापट, घटकेत तोळा घटकेत मासा असा स्वभाव त्यांच्या पत्नीनं, लक्ष्मीबाईंनी, काही न लपवता लिहून ठेवलाय, आणि तोही हसत हसत. मिस्टरांचं ठेच्याचं वाक्य मला तसंच वाटलं. ते चिडून बोलले असतील तर वेगळं, पण ज्या घरात असं तोंडावर बोलता येतं तिथे बरंच काही शाबूत असतं.

सासूबाईंचं थोडक्यात. तुमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. त्यात म्हातारं माणूस बादली चुकीच्या नळाखाली ठेवत असेल आणि तुझा भडका उडत असेल. यावर 'आजपासून कधीच ओरडणार नाही' अशी शपथ घेऊ नकोस, ती पुढच्या पाण्यापर्यंतही टिकायची नाही. आदल्या रात्री पिंप घासून ठेव, पाईप जोडून ठेव, आणि मोटरचं बटण मिस्टरांकडे दे. सासूबाईंना एक काम ठरवून दे, त्यांचंच, पिण्याच्या पाण्याचे हंडे गाळून भरायचे. त्यांना पाणी भरू न देणं हाही एक अपमानच असतो, आणि मला शंका आहे की त्या चुकीच्या बादल्या त्यातूनच येतात. तरी ओरडलीसच, तर सूर्य मावळायच्या आत जाऊन बस त्यांच्याजवळ. रडू नकोस मात्र. तू रडलीस की त्यांना तुझी समजूत घालावी लागते आणि त्यांचं राहून जातं.

प्रार्थना करतेसच, ती कर. फक्त 'प्रभू, मला सहनशील कर' एवढ्यावर थांबू नकोस. 'प्रभू, उद्या अकरा वाजता दोघी येतील तेव्हा माझं तोंड उघड' असं म्हण.

आणि हो, त्या फर्म्यांवर दोन्ही बाजूंनी जाड स्केचपेननं आकडे घाल. 28 आणि 30 एका खिळ्याला टांगत जाऊ नकोस.

तुझी,
मावशी